कोठीखालचा कोपरा

सेक्टर १५, चंदीगड
मंगळवार, १८ नोव्हेंबर १९८०

सौ. शैलजा हिस,
शशिकलावहिनीचे अनेक आशीर्वाद.

अक्षर ओळखून पाकीट बाजूला टाकू नकोस. नऊ वर्षांनी लिहिते आहे, तेव्हा काही कारण असेल एवढं तरी मनात आण. ‘अहो वन्सं’ म्हणून सुरुवात करणार होते, पण मी लग्न होऊन आले तेव्हा तू अकरा वर्षांची होतीस आणि तुझ्या वेण्या मी घालायची. आता अहोजाहो करायला जीभ वळत नाही, म्हणून तूच म्हणते.

आम्ही सर्व खुशाल आहोत. थंडी पडायला लागली, रजया उन्हात घातल्या. लीनाचं लग्न ठरल्याचं तुझ्या दादानं तुला कळवलंच आहे. मुलगा माधव, आपल्याकडचाच, इंजिनियर, पिंजौरच्या कारखान्यात आहे. घरचे लोक चांगले आहेत. रघुनाथरावांची तब्येत कशी आहे? विनया आता आठवी-नववीत असेल.

एवढं लिहिलं आणि पेन थांबलं. खुशाल आहोत हे खोटं आहे. काल सकाळपासून माझ्या हातून धड काही होत नाही. आज आमटीत मीठ दोनदा पडलं आणि चहात एकदा. तुझ्या दादानं तो चहा न बोलता पिऊन टाकला, म्हणजे त्याचीही तीच गत आहे. घरात काहीतरी सापडलंय, शैला. ते सांगण्यासाठीच बसले आहे. पण माझ्या क्रमानं सांगू दे, नाहीतर मलाच धीर राहायचा नाही.

घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून म्हणतात. आमच्याकडे दोन्ही एकदमच आलं, कारण तुझ्या दादानं घर बांधून कधी संपवलंच नाही. दहा मरल्यांचा, म्हणजे आपल्या अडीचशे चौरस वारांचा, प्लॉट घेतला, सहासष्टच्या दसऱ्याला अर्ध्या घरात राहायला आलो, आणि तेव्हापासून घर अर्धंच आहे. तू पाहिलं होतंस त्यात फार फरक पडलेला नाही. जिना गच्चीवर जातो आणि तिथे बरसातीच्या, म्हणजे गच्चीवरच्या खोलीच्या, कमरेएवढ्या तीन भिंती उभ्या आहेत, त्यात कावळे राहतात. खांबांच्या सळया वरच्या मजल्याची वाट बघत आकाशात तशाच. फाटक बाहेरच्या बाजूनं हिरवं आणि आतून गंजकं, कारण रंग लावता लावता पाहुणे आले. न्हाणीघरात दुसऱ्या नळाच्या जागी भोक आहे, त्यात बूच आहे. पुस्तकांच्या कपाटाला दारं नाहीत, पण दारांच्या बिजागऱ्या चौदा वर्षं ड्रॉवरमध्ये आहेत. प्रत्येक सुट्टी लागली की प्रोफेसरसाहेब बनियनवर हातोडी घेऊन उभे. “या सुट्टीत पक्का!” आणि दोन दिवसांत हातोडी खिडकीत, स्वारी लायब्ररीत. आरंभशूर हा शब्द कोणी केला माहीत नाही, पण आमच्या घरी राहून केला असावा.

मी कितीही बोलले तरी या घरावर माझा जीव आहे, हेही लिहून टाकते. हिवाळ्यात मागच्या अंगणात पेरूखाली खाट टाकून ऊन खात मटार सोलावेत, शेजारच्या बीजींनी भिंतीवरून सरसोंचं साग द्यावं, आपण त्यांना पुरणपोळी द्यावी, असं माझं निम्मं आयुष्य इथे गेलं. मिरजेला गेले की आठ दिवसांत मला इथली आठवण यायला लागते. आईंना मात्र हे गाव कधी रुचलं नाही. “इथे घरांना नंबर असतात, नावं नसतात,” म्हणायच्या. “मला मिरजेला पोचवा.” शेवटपर्यंत तेच. निदान आम्हाला तसंच वाटत होतं.

आता स्वयंपाकघराकडे येते. इथे सिमेंटात दगडाचे खडे घालून फरशी घासतात, चिप्स म्हणतात तिला. स्वयंपाकघराची फरशी घालताना माल संपला आणि ठेकेदार पळाला. ओट्याशेजारचा हातभर कोपरा तसाच मातीचा राहिला. त्यावर फळ्या टाकून आईंनी तांदळाची कोठी ठेवली. पुढे यांना चार वेळा तरी तो कोपरा पुरा करायची हुक्की आली होती. दर वेळी आईच मोडता घालायच्या. आज अमावास्या आहे, उद्या माझं गुडघ्याचं दुखणं आहे, कोठी भरलेली आहे, मिस्त्री तोंडाचा वाईट आहे. आणि रोज भाताच्या पहिल्या वाफेतला चिमूटभर भात कोठीमागे टाकायच्या. मुंग्यांना म्हणायच्या. मुंग्या व्हायच्याही, आणि त्या झाडायला मी.

वास्तुशांत आमची झालीच नव्हती. आईंनी पहिल्या दिवसापासून धोशा लावला होता. वास्तू तथास्तु म्हणत असते, तिला आधी जागी करा, मग घरात बोला-चाला. तुझ्या दादाचं उत्तर तुला माहीत आहे. “बरसाती होऊ दे, मग दोन्ही एकदमच करू.” बरसातीची तऱ्हा वर लिहिलीच आहे.

आता लीनानं हट्ट धरला. “मम्मी, माधव के घरवाले आएँगे, ये किचन देखा है आपने?” मराठी सगळं कळतं, पण बोलायची वेळ आली की गाडी हिंदीवर. तेव्हा कोपरा, न्हाणीघर आणि फाटकाची आतली बाजू, एवढं तरी लग्नाआधी करायचं ठरलं. आणि मी म्हटलं, मांडव पडायचा त्या घरात वास्तुशांत आधी. आपले वामनराव सेक्टर सतराच्या ऑफिसात हिशेब तपासतात आणि रविवारी इथल्या मराठी मंडळींच्या पूजा सांगतात. त्यांनी येत्या रविवारचा दिवस काढून दिला. म्हणाले, आग्नेय कोपऱ्यात वीतभर खड्डा करून ठेवा, वास्तुप्रतिमा पालथी पुरायची असते. आग्नेय म्हणजे आमचा तोच कोठीखालचा कोपरा. मी म्हटलं, चला, यांचा आळस देवाच्या कामी आला.

काल सकाळी करतारसिंग मिस्त्री आला. मी आणि लीनानं कोठी ओढली. त्यानं थापीनं माती मोकळी केली, आणि मी वळून दूध बघते तोवर म्हणाला, “बीबीजी, इत्थे तां पहलां ई कुछ दब्बेया पया ए.”

इथे आधीच काही पुरलंय म्हणे. मला वाटलं पाण्याचा पाइप असेल.

“ना जी. डब्बी ए. पित्तल दी.”

पितळेचा करंडा होता तो. आईंचा कुंकवाचा करंडा, शैला. झाकणावर मोर, एका बाजूचा तुरा झिजलेला. तुझे वडील गेल्यावर त्यांनी तो ट्रंकेत तळाला ठेवला होता. चंदीगडला येताना मीच तो बांधला होता. मी ओळखला आणि तिथेच मातीत बसले.

लीनानं झाकण उघडलं. मी उघडू शकले नाही. आत तांब्याच्या पत्र्याचा तुकडा पालथा ठेवलेला, त्यावर खिळ्यानं ओरखडून काढलेलं माणूस. डोकं, दोन हात, दोन पाय, लहान मूल पाटीवर काढतं तसं. खाली धान्याचा काळा भुगा. भुग्यात कापसावर दोन वाट्या.

मंगळसूत्राच्या वाट्या. एक नीट होती, आणि एकीच्या कडेला चेप. तो चेप तुझा आहे. तुला दात येत होते आणि तू आईच्या मांडीवर बसून मंगळसूत्र चावायचीस, हे आईंनीच मला शंभर वेळा सांगितलं होतं. जगात अशी दुसरी वाटी असायची नाही.

मी ओरडले का, हे मला आठवत नाही. करतारसिंग पाणी घेऊन आला एवढं आठवतं. तुझा दादा आतून चष्मा शोधत आला, खाली वाकला, आणि “आईचं आहे,” एवढं म्हणून जमिनीवर बसला. 

तुला एकाहत्तरचा मे आठवत असेल. मला तर त्या दिवशी शेगडीवर होती ती कढईसुद्धा आठवते. वाट्या आटवून विनयाला कुड्या करायच्या असं आईंनी तुला कबूल केलं होतं. तू मोठ्या हौसेनं आली होतीस. ट्रंक उघडली, चंची काढली, चंची रिकामी. सगळं घर शोधलं. आणि मग ओसरीवर, बीजी भिंतीपलीकडून ऐकत असताना, तू म्हणालीस, “या घरात बाहेरून आलेलं माणूस एकच आहे.” दुसऱ्या दिवशी कालका मेल धरलीस. आईंच्या तेराव्यालाही तू आलीस ती दुसऱ्या मराठी मंडळींकडे उतरलीस, आमच्याकडे घोटभर पाणी घेतलं नाहीस. इथल्या आपल्या मंडळींत ते पसरायचं तसं पसरलं. गणपतीत हळदीकुंकवाला बायका माझ्यासमोर आपल्या पर्सा मांडीवर घ्यायला लागल्या. तुला ते माहीत नसेल. मी कोणाला सांगितलं नाही.

तुझा दादा तेव्हा काय म्हणाला होता ठाऊक आहे? “जाऊ दे.” काल तोच म्हणत होता, “शैलाला पाठवू या. रजिस्टर पार्सलनं. चेप बघितला की तिला कळेल.” नऊ वर्षांत या माणसाला एवढी घाई मी पहिल्यांदा पाहिली. मी म्हटलं, थांब. त्याला अरे-तुरे केलं मी, मिस्त्रीसमोर.

थांब का म्हटलं, हे मला तेव्हा सांगता आलं नाही.

मग लीना बोलली. ती एकाहत्तरमध्ये चौदाची होती, तिला सगळं आठवतं. ती करंडा हातात धरून उभी होती. म्हणाली, “मम्मी, तो आजी को पता था? सारा टाइम? फिर उन्होंने बोला क्यों नहीं?”

मी करतारसिंगला दुपारची सुट्टी दिली. करंडा होता तसा खड्ड्यात ठेवून वर परात पालथी घातली. कोठी आता हॉलमध्ये सोफ्याशेजारी उभी आहे. उद्या संध्याकाळी वामनराव येऊन बघणार आहेत. त्यानंतर पुढचं लिहिते. दूधवाला आलाय.

गुरुवार, २० नोव्हेंबर

पत्र तसंच ठेवलं होतं. परवाचं वाचून पाहिलं तर चिडून लिहिलंय असं वाटलं. राहू दे. चिडलेच होते.

काल वामनराव आले. चपला काढल्या, परात उचलून पाहिलं, आणि पुन्हा झाकलं. मग म्हणाले, “वहिनी, हे शास्त्रात बसत नाही. वास्तुशांतीला जोडपं लागतं. एकट्या बाईनं, त्यातून... आणि मंत्र नाही, होम नाही. ही वास्तू धरता यायची नाही. काढून घ्या. रविवारी आपण यथासांग करू. सोनं तुमचं तुम्हाला मिळालं, सुंठीवाचून खोकला गेला.”

‘त्यातून’ म्हणून ते थांबले, पण आम्हाला कळलं. त्यांचा दोष नाही, ते शिकले तेच सांगत होते. आईंनाही तेच शिकवलेलं होतं, आणि तरी त्यांनी हे केलं. विचार कर, शैला. हळदीकुंकवाच्या दिवशी आतल्या खोलीत बसून राहणारी बाई. संक्रांतीचं वाण लुटताना कोणी चुकून पुढे केलं तर हात मागे घेणारी. तिनं घर रिकामं असताना खिळ्यानं देव काढला, ज्या करंड्यातलं कुंकू तिला लावायचं नव्हतं त्या करंड्यात ठेवला, आणि आपल्या सौभाग्याचं सोनं पुरून या घराची वास्तुशांत केली. ज्या गावाला ती रोज नावं ठेवायची त्या गावातल्या घराची. मला हे अजून पचत नाही. भात टाकायची तो मुंग्यांना नव्हताच.

आणि मग लीनाचा प्रश्न. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही, म्हणून लिहिते. तुझ्या बोलण्यापेक्षा मला तो प्रश्न जास्त लागलाय. तू ओसरीवर बोललीस तेव्हा आई चार हातांवर बसून मेथी निवडत होत्या. तू मला चोर म्हणालीस ते त्यांनी ऐकलं. वाट्या कुठे आहेत ते त्यांना माहीत होतं, बसल्या जागेवरून कोठी दिसत होती. त्या मेथी निवडत राहिल्या. मी त्यांच्याकडे बघितलं, मला वाटलं आता काहीतरी म्हणतील, निदान ‘शैले, जपून बोल’ एवढं तरी. त्यांनी देठं बाजूला केली आणि उठून गेल्या. पुढे दोन वर्षं त्या माझ्या हातचं जेवल्या. मी त्यांचं सगळं केलं, अंथरुणात केलं, आणि एकदाही तो विषय निघाला नाही. शेवटच्या आठवड्यात एकदा त्यांनी माझा हात धरला. मला वाटलं, आता बोलणार. म्हणाल्या, “ती कोठी हलवू नकोस गं.” मी हात सोडवून घेतला आणि बाहेर जाऊन रडले, की या बाईला मरताना तांदूळ सुचतात.

त्या का गप्प बसल्या, यावर दोन दिवस मी डोकं फोडतेय. सांगितलं असतं तर तुला दिलेला शब्द मोडला हे कळलं असतं. आणि त्यांनी काय केलं ते चारचौघांत आलं असतं. पुढे घरात कोणाचं बोट कापलं तरी लोक म्हणाले असते, विधवेनं वास्तू पुरली, आणखी काय होणार. तेव्हा एकीला गमवायचंच होतं. त्यांनी हिशेब बरोबर केला. मुलगी रागावली तर निघून जाते. सून रागावली तरी संध्याकाळी कुकर लावतेच. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोरच नव्हता, नुसती फाशी होती. मला त्यांचा संताप आला, शैला. अजून येतो. काल त्यांच्या फोटोसमोर दिवा लावला नाही मी.

हे तुला लिहावं का, हाही प्रश्नच होता. मी निर्दोष आहे हे तुला पटवायचं तर तुझ्या आईनं काय केलं ते सांगावं लागतं. तुझा दादा म्हणाला, नुसत्या वाट्या पाठव, ट्रंकेच्या अस्तरात सापडल्या म्हणून लिही. आई आपल्या जागी राहील आणि तुझ्यावरचा डागही जाईल. सोपं होतं. मी तसा मसुदा केलाही, आणि फाडला. चौदा वर्षं या घरात मी अर्धवट गोष्टींत राहिले, आता खरंसुद्धा अर्धवट लिहायचं माझ्या जिवावर आलं.

आणखी एक आहे. ते यांना सांगितलेलं नाही आणि लीनालाही नाही. लीनानं करंडा उघडला तेव्हा तिला वाटलं तळाशी नुसती चिंधी आहे.

ती चिंधी नव्हती. या घरात आल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्याआधी मला पाचवा महिना होता, आणि ते राहिलं नाही, हे तुला माहीत आहे. तू तेव्हा पत्र पाठवलं होतंस, छान लिहिलं होतंस. त्या बाळासाठी मी पिवळ्या फ्लॅनेलचं झबलं शिवायला घेतलं होतं. एक बाही झाली होती. पिवळा दोरा संपला म्हणून हिरव्यानं धावदोरा घातला होता, नवा दोरा आणला की उसवून परत घालीन म्हणून. दवाखान्यातून घरी आले तर झबलं नव्हतं. कुठेच नव्हतं. मी विचारलं तर आई म्हणाल्या, “काय करायचंय आता ते?” केवढं लागलं होतं मला ते. बाई इतकी कोरडी कशी असू शकते, असं मी मनात कायमचं लिहून ठेवलं. त्यानंतर मी त्यांच्याशी कामापुरतीच बोलत गेले.

करंड्याच्या तळाशी ती बाही आहे. घडी घालून ठेवलेली. रंग गेलाय, पण हिरवा दोरा दिसतो. माझाच हात, माझेच टाके.

म्हणजे मी दवाखान्यात होते तेव्हा त्यांनी हे केलं. मुलगा बरसाती बरसाती करत बसलाय, सून तिकडे पडली आहे, आणि या घरात काही टिकत नाही म्हणून त्या बाईनं ट्रंक उघडली. जवळ होतं नव्हतं ते सोनं काढलं. तुझ्या विनयाला पुढे शब्द दिला तो पुरलेलं विसरून दिला, की नाही म्हणवेना म्हणून दिला, देव जाणे. पण पुरलं ते माझ्यासाठी. आणि त्याच सोन्यापायी मला चोर होऊ दिलं. या दोन्ही गोष्टी एकाच बाईनं केल्या, हे माझ्या डोक्यात एकत्र बसत नाही. दिवसभर मी घरात या खोलीतून त्या खोलीत फिरतेय. लीना म्हणते, “मम्मी, बैठ जाओ.” बसवत नाही.

तर मी काय केलं ते सांगते. वामनरावांना हात जोडले आणि सांगितलं, रविवारची वास्तुशांत नको. आमची झालेली आहे. ते म्हणाले, वहिनी, विचार करा, दोष राहतो. मी म्हटलं, तिनं केलं त्यात दोष असेल तर तो माझ्या नावावर घाला, माझ्या नावावर आधीच बरंच आहे. ते चहा पिऊन गेले. नाराज झाले असावेत.

आज सकाळी करतारसिंग आला. करंडा मी माझ्या हातांनी ठेवला. पत्रा पालथा होता तसाच पालथा, वाट्या कापसावर, बाही खाली. चेपलेल्या वाटीवरून एकदा बोट फिरवलं आणि झाकण लावलं. तुझा दादा शेजारी उभा होता. “शशी, शैला विश्वास ठेवणार नाही,” म्हणाला. “हातात पुरावा आहे आणि तू पुरते आहेस.” मला तेही कळत होतं. मग त्यानंच वाळू चाळून दिली. करतारसिंगनं माती भरली, रोडी, म्हणजे खडी, ठोकली, सिमेंट घातलं. खडे जुन्या फरशीशी जुळत नाहीत, नवे जरा लाल आहेत. दुपारी चारपर्यंत कोपरा पुरा झाला. या घरातलं पहिलं पुरं झालेलं काम.

आता माझ्याकडे दाखवायला काही नाही. करतारसिंग, वामनराव, तुझा दादा, लीना यांनी पाहिलं आहे, पण ते सगळे माझ्या बाजूचे, तू म्हणशीलच. तेव्हा माझा शब्द तुला पुरला नव्हता. आजही शब्दच आहे.

पुरत असेल तर लग्नाला ये. अठरा जानेवारी. आत्या म्हणून ये, आधी चार दिवस ये.

आणि पुरत नसेल तरी ये. कोपरा दाखवीन. मी आता त्याला हात लावणार नाही, पण ती तुझी आई होती आणि सोनं तुला कबूल केलेलं होतं, तेव्हा फोडायचा हक्क तुझा आहे. पहार मी स्वतः तुझ्या हातात देईन आणि बाहेर अंगणात जाऊन बसेन. फक्त वाट्या तेवढ्या घे. बाही राहू दे.

तुझ्या राख्यांची पाकिटं दादाच्या नावानं येतात. या पत्राचं उत्तर माझ्या नावानं लिही, ‘नाही’ असलं तरी.

रघुनाथरावांना नमस्कार. विनयाला खूप खूप आशीर्वाद, आणि तिच्या कुड्यांबद्दल मला फार वाईट वाटतं, हे तिला आत्ता सांगू नकोस.

तुझ्यावर रागावलेली आणि तुझी वाट बघणारी,
तुझी वहिनी
शशिकला